आवर्तन धरणारे यंत्र

श्रोतेहो, पोवाडा आपण पुष्कळदा ऐकला असेल. शाहीर कडवे म्हणतो, मागचे झीलकरी सूर उचलून धरतात आणि शाहिराला दम घ्यायला उसंत मिळते. पण समजा, झीलकरी आलेच नाहीत, तर? या अडचणीवर वादकांनी एक यंत्र काढले आहे. त्याला लूपर म्हणतात.

यंत्र पायाशी ठेवायचे. कळ पायाने दाबली की वाजवलेले मुद्रित होऊ लागते. पुन्हा दाबली की तेच फिरून फिरून वाजते. त्यावर दुसरा थर चढवावा, मग तिसरा. 30 जानेवारी 2025 रोजी पुण्यात गाऊन गेलेला इंग्रज गायक एड शीरन बरीचशी गाणी अशीच, एकट्याने उभी करतो. कल्पना मात्र जुनी. अमेरिकेत टेरी रायली यांनी 1960 च्या दशकातच दोन टेपरेकॉर्डरांतून एक फीत फिरवून हे साधले होते. आणि आपल्या तबलजीला त्यात नवल ते काय वाटावे? एकल वादनात लेहरा असाच फिरत असतो. फरक एवढाच, की लेहरा धरणारा माणूस तबल्याकडे कान देऊन असतो. यंत्राला कान नाही.

सारी मेख इथे आहे. केरवा आठ मात्रांचा. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक आवर्तन चार सेकंदांचे. पाय पाव सेकंद उशिरा पडला, तर आवर्तन सव्वाचार सेकंदांचे होते. ढोलकीवाला आपल्या जागी बरोबर वाजवत राहिला, तरी आठ आवर्तनांत दोन सेकंदांची, म्हणजे चार मात्रांची तफावत पडते. सम कुठे आणि ढोलकी कुठे! सोमेश्वरनगरच्या मंडळींना कारखान्याची गव्हाण ठाऊक आहे. ती कुणाच्या सवडीने चालत नाही, तसेच हे. म्हणून कळ समेवरच दाबावी आणि यंत्राचा आवाज ढोलकीवाल्याच्या कानाशी स्वतंत्र कर्ण्यातून द्यावा. श्रोत्यांना तो थोडा कमी गेला तरी चालेल, त्याला कमी जाता कामा नये.

लग्नसराईतल्या बँडवाल्यांत एक विचार बळावू शकतो: यंत्र घ्या, दोन माणसे कमी करा. मला हा हिशेब पटत नाही. पोवाड्यात लढाईचा प्रसंग आला की शाहीर लय चढवतो. झीलकरी त्याच्या तोंडाकडे पाहून धावतात. यंत्र मागेच राहील. वरातीत नाचणारे जोरात आले म्हणजे ताशेवाला जे करतो, तेही त्याला जमायचे नाही.

शिक्षकबंधूंनो, आपल्या शाळेत मात्र त्याचा उपयोग आहे. पेटी वाजवणारे गुरुजी एकटेच असतील, तर गीताची चाल एकदा मुद्रित करावी आणि पेटी सोडून मुलांमध्ये जाऊन उभे राहावे. कोण बेसूर जातो, ते तिथे कळते. दोन-चार फेऱ्यांनंतर यंत्र बंद करून मुलांना तसेच पुढे गाऊ द्यावे.