फार्नबरोचे विमान आणि खालची माणसे



६ सप्टेंबर १९५२. इंग्लंडमधल्या फार्नबरोला हवाई प्रदर्शन भरले होते आणि लाखाहून जास्त माणसे आली होती. महायुद्ध संपून सातच वर्षे झाली होती. ज्या आकाशातून बॉम्ब पडले, त्याच आकाशाकडे लोक आता पोराबाळांना घेऊन कौतुकाने पाहत होते.

डी हॅविलँड कंपनीचे डीएच ११० हे दोन इंजिनांचे नवे लढाऊ जेट तिथे दाखवायचे होते. वैमानिक जॉन डेरी, सोबत निरीक्षक अँथनी रिचर्ड्स. हा डेरी म्हणजे १९४८ साली ध्वनीचा वेग ओलांडणारा ब्रिटनचा नामांकित चाचणी वैमानिक. त्या दिवशी ठरलेले विमान नादुरुस्त निघाले. कार्यक्रम रद्द होण्याची वेळ आली, पण दोघांनी कंपनीच्या हॅटफील्डच्या कारखान्यात जाऊन त्याच जातीचे पहिले नमुना-विमान आणले. उंचावरून सूर मारला, ध्वनिवेगाचा दणका ऐकवला, खाली येऊन वळण घेतले आणि गर्दीच्या दिशेने निघाले. पुढच्या सेकंदाच्या आत विमानाचे तुकडे झाले. दोन्ही इंजिने सुटून भिरकावली गेली, आणि त्यांतले एक टेकडीवर बसलेल्या माणसांत पडले. २९ प्रेक्षक गेले. विमानातले दोघेही गेले.

पंखाच्या पुढच्या कडेचा पत्रा हे यामागचे कारण निघाले. पंखाच्या बाहेरच्या भागात या पत्र्याला आतून पुरेसा आधार दिलेला नव्हता. सरळ उड्डाणात तो टिकला. मात्र प्रचंड वेगात वळणातून बाहेर पडताना विमानाचे नाक उचलणे आणि त्याला कुशीवर फिरवणे एकाच वेळी घडले, की पंखाला जबर पीळ बसतो. त्या पिळाने उजव्या पंखाचे टोक चुरगळले, आणि मग बाकीचे सावरणे शक्यच नव्हते. गर्दीतल्या लोकांनी घेतलेली छायाचित्रे आणि चित्रफीत हा उलगडा करताना उपयोगी पडली. ज्यांच्यावर संकट कोसळले, त्यांच्यातलेच लोक साक्षीदार झाले, याचे मला फार मोल वाटते.

प्रदर्शन मात्र थांबले नाही. थोड्याच वेळात चाचणी वैमानिक नेव्हिल ड्यूक हॉकर हंटर हे लढाऊ जेट घेऊन वर गेला. दुसऱ्या दिवशी चर्चिलने त्याला कौतुकाचे पत्र लिहिले. ड्यूकच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. तरीही खाली माणसे मरून पडली असताना कार्यक्रम पुढे न्यायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशातल्या या गोष्टीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारेल. आपल्या हवाई दलाचे पहिले जेट व्हॅम्पायर हे याच डी हॅविलँडचे. पुढे ते बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये तयार होऊ लागले, आणि तो कारखाना १९४० साली उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. ड्यूकचे हंटर तर १९५७पासून आपल्याकडे आले. डिसेंबर १९७१मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे फोडले ते याच हंटरांनी. फार्नबरोच्या आकाशात जे घडत होते, ते आपल्या वैमानिकांच्याही वाट्याला येणार होते.

आता गर्दीच्या सुरक्षेकडे येऊ. खानदेशात रथ निघतो तेव्हा तो आवरण्यासाठी चाकाला मोगरी लावणारा माणूस सगळ्यांत सावध असावा लागतो, आणि गर्दीने चाकापासून लांब राहावे लागते. विमानाला मोगरी लावता येत नाही. तिथे हाती उरते ते अंतर. डीएच ११०च्या अपघातानंतर ब्रिटनने नियम केला: जेट विमान सरळ जात असेल तर प्रेक्षकांपासून निदान २३० यार्ड, कसरती करत असेल तर ४५० यार्ड दूर हवे, आणि उंची ५०० फुटांच्या खाली नको. पंख मजबूत करून याच जातीचे विमान पुढे सी व्हिक्सन नावाने ब्रिटिश आरमारात दाखल झाले.

त्यानंतर ब्रिटनच्या हवाई प्रदर्शनात विमान पडून एकही प्रेक्षक गेला नाही. हे जवळजवळ ६३ वर्षे टिकले. २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरहॅमच्या प्रदर्शनात एक जुने हंटर आकाशात गिरकी पुरी करू न शकल्याने कोसळले आणि ११ जण ठार झाले. ते सगळे मैदानाच्या हद्दीबाहेर, शेजारच्या हमरस्त्यावर होते. अंतराचा नियम मैदानातल्या प्रेक्षकांसाठी आखलेला होता. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा विचार त्यात कमी पडला, आणि त्यानंतर ब्रिटनला आपले नियम पुन्हा तपासावे लागले.