रुग्णशय्येवरील कर्करोगी आणि त्याचे मन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शिक्षक. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात ज्ञातीतील रोग्यांच्या सोबतीस जाण्याचे प्रसंग मला अनेकदा आले, आणि त्या निमित्ताने जे वाचले व विचारले, ते आपणांपुढे ठेवतो.

हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांत केवढी तरी प्रगती झाली. रोग्याच्या मनाकडे मात्र वैद्यकाचे लक्ष जगभरच उशिरा गेले. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड या विदुषीने १९७७ साली कर्करोग्यांसाठी स्वतंत्र मानसोपचार सेवा उभारली, आणि पुढे ही एक शाखाच झाली. आता कित्येक ठिकाणी रोग्यापुढे ० ते १० अंकांची पट्टी धरून ‘आठवडाभरात मनस्ताप किती झाला?’ असे विचारतात. ४ किंवा अधिक आकडा आला की पुढील चौकशी होते. कमी गुण मिळाल्याचा आनंद मानावा अशी एवढी एकच परीक्षा माझ्या पाहण्यात आहे!

रुग्णालयातील कर्करोग्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रोग्यांना उपचार करावा इतपत मानसिक त्रास असतो. तो ओळखणे कठीण. कारण झोप न येणे, अन्नावरची वासना उडणे, थकवा ही लक्षणे मूळ रोगाचीही असतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ निराळेच प्रश्न विचारतात: नातवंड आले तर बरे वाटते का? आपण घराला भार झालो असे मनात येते का? ‘जगून काय करायचे’ असे उद्गार निघाले, तर ते वयाचे बोलणे समजून सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

दुसरी गोष्ट रात्रीची. शांत स्वभावाचा माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा बरळतो, सलाईनची नळी उपटतो, मुलाला ओळखत नाही. घरची माणसे बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणावयास धावतात. वस्तुतः जंतुसंसर्ग, रक्तातील क्षारांचा बिघाड किंवा एखादे औषध हे त्याचे कारण असते, आणि कारण सापडल्यास रोगी बहुधा भानावर येतो. खोलीत मंद दिवा, समोर घड्याळ, डोळ्यांवर नेहमीचा चष्मा आणि ओळखीचा आवाज, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

आता थोडे कटू बोलतो. आपल्यात रोगाचे नाव रोग्यापासून लपवतात, आणि ज्ञातीपासून तर त्याहून अधिक. का? घरात मुलगी लग्नाची असते! आपल्याच वधूवर मेळाव्यात ‘त्यांच्याकडे कॅन्सर आहे हो’ अशी कुजबुज चालते. हा रोग स्पर्शाने होत नाही; आणि आनुवंशिक दोषामुळे होणारे कर्करोग शंभरांत पाचदहाच. मग मुलीचे स्थळ मोडू नये म्हणून आई खाटेवर एकटी पडून राहते, भेटीस कोणी येत नाही, हे कुणाच्या कुजबुजीचे फळ?

माझी मंडळास विनंती आहे की, साहाय्यनिधीतून रोग्यासोबत येणाऱ्या गावाकडील एका माणसाचा राहण्या-जेवण्याचा खर्च द्यावा, आणि तो अहवालात नाव न छापता द्यावा. तसेच रात्रीच्या सोबतीस बसू शकणाऱ्यांची यादी चिटणीसांनी ठेवावी. माझे नाव मी आजच लिहून दिले आहे. गुरुवार व शनिवार मला सोयीचे आहेत.