कार्डावरचे पहिले नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला रेशनवर बोलायचे म्हणजे मंगळागौरीच्या रात्री सूप पुढे ओढून तांदूळ निवडत बसण्यासारखे आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. गाणी झाली, बक्षिसे झाली, आता हे काय मध्येच? पण चिटणीसबाईंनी मला हाच विषय दिला, आणि तो योग्यच दिला असे मला वाटते. रेशन दुकानाच्या दक्षता समितीवर मंडळातर्फे मी काही वर्षे बसते आहे. तिथे जे पाहिले त्यावरून एवढे सांगू शकते की, घरात शिजणाऱ्या भाताचा आणि कचेरीतल्या कागदाचा संबंध फार जवळचा आहे. आणि तो कागद आपण बायकांनी वाचायला शिकलो नाही तर भात दुसऱ्याच्या ताटात जातो.

रेशन ही काही कालपरवाची गोष्ट नाही. मुंबईत ते १९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईत सुरू झाले. त्यावेळी श्रीमंत असो की गरीब, सर्वांना एकाच रांगेत उभे राहावे लागे. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. लाल मिलो आणि सुकडी हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत त्यांना जास्त सांगायला नकोच. त्याच सुमारास मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागे हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. वेगवेगळ्या पक्षांच्या बायका तेल, साखर आणि धान्य यांसाठी एक झाल्या. तेव्हा धान्याचा प्रश्न हा बायकांचाच प्रश्न आहे, हे आपल्या थोरल्या बहिणींनी फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे.

१९९७ साली रेशन सर्वांसाठी न राहता गरिबांना वेगळे काढून देण्याचे धोरण आले. १९९९ पासून आपल्या राज्यात पिवळे, केशरी आणि पांढरे असे कार्डांचे तीन रंग झाले. २००० सालच्या डिसेंबरात अत्यंत गरिबांसाठी अंत्योदय योजना निघाली. आणि २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू आहे. या कायद्याने मोठा फरक केला. पूर्वी सरकार देत होते म्हणून मिळत होते. आता मिळणे हा हक्क झाला. दुकानदार काही मेहेरबानी करीत नाही, आणि घेणारीने मान खाली घालण्याचे कारण नाही.

हक्क किती, तेही पाठ करून ठेवा. अंत्योदय कार्डावर दर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य. प्राधान्य कुटुंबाला दर माणशी ५ किलो. म्हणजे घरात पाच माणसे असली तर २५ किलो. पूर्वी तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते मोफतच राहील असे केंद्र सरकारने ठरविले आहे. तेव्हा या धान्याचे कोणी पैसे मागितले तर प्रथम पावती मागा. यंत्रातून पावती निघते. ती घरी आणा, कपाटाच्या दाराला टाचून ठेवा आणि धान्य मोजून घ्या.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. केशरी कार्ड असले म्हणजे धान्य मिळतेच असे नाही. कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का लागतो. त्यासाठी राज्याने कायदा लागू करताना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार रुपये ठरविली होती. शहरातला आकडा बाराने भागून पाहा. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई प्रामाणिकपणे मिळकत सांगेल तर ती या रेषेच्या वर जाते, आणि तरी तिच्या घरी महिनाअखेर डबा रिकामा असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या कायद्याच्या तेराव्या कलमात असे म्हटले आहे की, घरातली अठरा वर्षे पूर्ण झालेली सर्वांत वडील स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख समजावी. भगिनींनो, घराच्या दारावर पाटी कुणाची, सातबाऱ्यावर नाव कुणाचे, हे आपण सगळ्या जाणतो. पण अन्नाच्या कागदावर पहिले नाव बाईचे आहे. घरी गेल्यावर कार्ड काढून बघा. ते नाव अजून पुरुषाचे असेल तर बदलून घ्या.

परंतु कार्डावर पहिले नाव बाईचे असले तरी कार्डावरून सर्वांत आधी गळते तेही बाईचेच नाव. समितीवर बसल्यापासून मी हे तीन तऱ्हांनी पाहिले.

पहिली नवी सून. लग्न झाले की माहेरच्या कार्डातून तिचे नाव कमी होते. तो दाखला घेऊन सासरच्या कार्डात नाव घालायचे असते. पण दाखला माहेरी राहतो, सासरच्यांना सवड होत नाही, आणि दोन दोन वर्षे ती पोर कोणत्याच घरच्या कागदावर नसते. तिचे पाच किलो कुणीच उचलत नाही. तेव्हा मुलीला सासरी पाठविताना ओटीबरोबर हा दाखलाही द्या, आणि सून घरात आली की पहिल्या महिन्यातच तो कचेरीत पोचवा.

दुसरी एकटी म्हातारी. आयुष्यभर भांडी घासून, शेण थापून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या. यंत्र म्हणते, ही ती नव्हे. दुकानदार म्हणतो, उद्या या. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळविले आहे की, आधार नाही किंवा यंत्रात ठसा जुळला नाही एवढ्या कारणावरून खऱ्या लाभार्थीला धान्य नाकारू नये. हे त्या म्हातारीला कोण सांगणार? आपणच. तिच्याबरोबर दुकानापर्यंत चालत जायला दहा मिनिटे लागतात.

तिसरी टाकलेली बाई. आपल्याच मागच्या चाळीत अशी एक आहे. नाव सांगत नाही. नवरा दुसरीकडे राहतो, कार्ड त्याच्याजवळ, त्यात हिचे आणि दोन मुलांची नावे. महिन्याचे धान्य तो उचलतो. कचेरीत गेली तर म्हणाले, नवऱ्याच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा. जो पोटाला देत नाही तो दाखला देणार आहे थोडाच! ती चार वेळा परत आली. पाचव्या वेळी मंडळाच्या तिघी तिच्याबरोबर गेल्या. प्रतिज्ञापत्र केले, शेजाऱ्यांचे जबाब लिहून दिले, लेखी अर्जाची पोच घेतली. तरीही महिने गेलेच. पण आज तिच्या हातात स्वतःचे कार्ड आहे आणि त्यावर पहिले नाव तिचे आहे. त्या दिवशी ती पेढे घेऊन आली नाही, तांदळाची पिशवी दाखवायला आली.

आता एक कटू बोलते. राग मानू नका. कचेरीत नवा अर्ज घेऊन गेले की एक शब्द ऐकू येतो: “इष्टांक शिल्लक नाही.” इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचे याचा ठरवून दिलेला आकडा. महाराष्ट्राला तो साधारण सात कोटींचा आहे, आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. माणसे वाढली, आकडा तिथेच आहे. याचा अर्थ असा की, एक नाव निघाल्याशिवाय दुसरे बसत नाही. ज्या घरी आता मुलगा चांगल्या नोकरीला लागला, दारात गाडी आली, त्या घरचे कार्ड जुन्या शिक्क्यावर चालू असेल, तर ते धान्य सरकारच्या कोठारातून येत नाही, मागच्या चाळीतल्या कुणाच्या तरी ताटातून येते. आपल्यातही अशी घरे आहेत. स्वतःहून नाव कमी करण्याचा अर्ज देता येतो. देवळात पाच शेर तांदूळ वाहण्यापेक्षा मला ते दान मोठे वाटते.

आणि दुसऱ्या बाजूचेही बोलणे मी ऐकते: “फुकट मिळते म्हणून माजले आहेत, तांदूळ विकतात.” काही जण विकतात, ते नियमाला धरून नाही, त्याची तरफदारी मी करीत नाही. पण जरा विचार करा. नुसत्या तांदळाचे जेवण होत नाही. डाळ, तेल, मीठ, गॅस हे सगळे बाजारभावानेच घ्यावे लागते. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल मिळाले, तेव्हा दुकानासमोर केवढी रांग लागली ती आपण पाहिली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत शिवभोजन थाळी निघाली, तिच्यात दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात असे चारी जिन्नस होते. माणसाला भूक चारी जिन्नसांची असते, हे तिथे ओळखले गेले होते.

तेव्हा मंडळाने काय करावे? माझ्या तीन सूचना आहेत. एक, दर शनिवारी दुपारी दोघी जणींनी मंडळाच्या खोलीत बसावे आणि ज्यांना अर्ज लिहिता येत नाहीत त्यांचे लिहून द्यावेत. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, कारण पोच नसलेला अर्ज म्हणजे पत्ता नसलेले पत्र. दोन, दुकान वेळेवर उघडते का, साठ्याचा फलक लिहिलेला असतो का, हे आळीपाळीने पाहावे. कायद्यात दक्षता समिती आहे, तीत स्त्रियांना जागा आहे. तक्रारीसाठी १९६७ हा दूरध्वनी आहे, जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे. तीन, रेशन दुकाने चालविण्यास देताना बचतगट, सहकारी संस्था यांना प्राधान्य द्यावे आणि त्यांचा कारभार स्त्रियांकडे असावा, असे कायदाच म्हणतो. पापड, लोणची आपण पुष्कळ केली. एखादे दुकान चालवायला आपल्या मंडळाने का पुढे येऊ नये? वजनात काटा कसा मारतात हे ज्या बायका रोज बाजारात पाहतात, त्यांच्या हातचा काटा सरळ राहील असा मला विश्वास आहे.

मंडळाच्या इतिवृत्तात यंदा किती हळदीकुंकू झाले, किती सहली निघाल्या, हे लिहिलेले आहेच. पुढच्या वर्षी त्याच पानावर आणखी एक ओळ असावी: आळीत किती बायकांची नावे कार्डावर नव्हती आणि त्यांपैकी किती घातली गेली. ती ओळ लिहिण्याचे काम येत्या शनिवारपासून सुरू करू. मी दोन वाजता येऊन बसते. ज्यांना जमेल त्यांनी पेन घेऊन यावे.