वारुळावरची अळंबी : चव आणि सावधगिरी



आषाढाच्या सरी स्थिरावल्या की कोकणात आणि गोव्यात रस्त्याच्या कडेला, बाजाराच्या तोंडाशी पानांत बांधलेल्या पुड्या दिसू लागतात. पुडीत असते वारुळावरची अळंबी. गोव्यात तिला ‘अळमी’ म्हणतात. मनुस्मृतीने द्विजांना वर्ज्य सांगितलेल्या पदार्थांत लसूण-कांद्याबरोबर कवकाचेही नाव आहे. परंतु लसूण-कांदा जसा घरोघरी शिरला, तशी अळंबीही शिरली!

आहाराच्या दृष्टीने तिचे गुण उघड आहेत. ताज्या अळंबीत जवळजवळ ९० टक्के पाणी असते. स्निग्धांश अत्यल्प, प्रथिने, तंतू आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे मात्र लाभतात. तिच्यातील अर्गोस्टेरॉल या द्रव्याचे सूर्यप्रकाशात ‘ड’ जीवनसत्त्व बनते. तरीही तिला औषधी चमत्कार मानण्याचे कारण नाही. ती एक उत्तम भाजी आहे, एवढेच.

तिचा जन्म मात्र विलक्षण आहे. वाळवी पाचोळा, लाकूड कुरतडून आणते आणि वारुळाच्या पोटात त्यावर या कवकाची बाग जोपासते. वाळवीला न पचणारे काष्ठ कवक मऊ करते आणि वाळवी ते खाते. पावसाळ्यात या बागेतूनच सोटमुळासारखा लांब दांडा जमीन फोडून वर येतो. हे सहजीवन मानवाला अद्याप शेतात उभे करता आलेले नाही, म्हणूनच ही अळंबी रानातूनच आणावी लागते. वारूळ खणून ती उपटणारा पुढच्या वर्षीचे पीक गमावतो.

रानातून आणायची म्हणजे ओळख हवी, आणि खरा धोका तेथेच आहे. चांदीचा चमचा काळा पडला तर अळंबी विषारी, किड्याने खाल्लेली असेल तर निर्धोक, हळद-लसणीबरोबर उकळली की विष उतरते, या साऱ्या समजुती निराधार आहेत. अमानिटा प्रजातीतील काही जातींतले विष उकळूनही नष्ट होत नाही. त्याची रीतही कपटी आहे. जेवणानंतर सहा ते बारा तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते ओसरतात, रोगी बरा झाल्यासारखा वाटतो. आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन आजारी पडलेले अनेकजण दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्यांतील तेरा जण दगावले. पिढ्यान् पिढ्या रानभाज्या खाणाऱ्या भागात हे घडले, हे विशेष.

आपल्या अंगणात, हिरवळीवर, शेणखताच्या ढिगावर पावसात उगवणारी पांढरी छत्री वारुळावरची नव्हे. त्यांतील एका जातीने दोन-तीन तासांत भयंकर उलट्या होतात. दांड्याच्या तळाशी पिशवीसारखे आवरण दिसले तर हातही लावू नये. शहरातल्या माणसाने छायाचित्र पाहून अळंबी खुडणे हा शुद्ध अविचार आहे. जाणत्या वनवासी किंवा ग्रामीण बाईकडून, ती स्वतः खाते तीच घ्यावी. नीट शिजवून, प्रथम थोडी खावी. लहान मुलांना आणि गर्भवतींना देऊ नये. जेवणानंतर उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. उरलेली कच्ची अळंबी किंवा भाजी बरोबर न्यावी, आणि ती किती वाजता खाल्ली हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.