घोड्याची चंदी आणि वैरण

आपल्या पनवेलहून पूर्वेकडे पाहिले म्हणजे माथेरानचा डोंगर दिसतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब तो डोंगर चढले आणि पुढे तिथे गाव वसले. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. पण मोटारी आजही दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. पुढे माणूस पायी जातो, नाही तर घोड्यावर. २०२२ साली विजेवरच्या रिक्षाही चाचणीसाठी आल्या. तरी कितीतरी घरांची चूल अजून घोड्याच्या पाठीवर पेटते. म्हणून आज घोड्याच्या पोटाविषयी बोलू या.

आपण कोकणातली माणसे बैल जाणतो, घोडा तितका जाणत नाही. बैल चारा भराभर गिळतो आणि मग बसून रवंथ करतो. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे पोट अंगाच्या मानाने लहान. दहा-बारा लिटर मावेल एवढेच. रानात घोडा दिवसातले चौदा-पंधरा तास थोडे थोडे चरत असतो. आपण त्याला सकाळी एक तोबरा, रात्री एक तोबरा देतो आणि मधे उपाशी ठेवतो. हे त्याच्या घडणीविरुद्ध आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. घोड्याला ओकता येत नाही. नको ते पोटात गेले, किंवा फार गेले, की ते बाहेर पडायला तोंडाची वाट नाही. पोटशूळ उठतो. घोडा जमिनीवर लोळतो, पोटाकडे वळून वळून पाहतो, घामाघूम होतो.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कर्ज काढून एक घोडा घेतला. घोडा अगदी हाडांचा सापळा होता. बिचाऱ्यांना त्याची दया आली. लवकर भरावा म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला पाटीभर हरभरा घातला. दुसऱ्या रात्री घोडा गेला. कर्ज मात्र राहिले. उपाशी घोड्याला आधी चांगले गवत द्यावे, थोडे थोडे, दिवसातून अनेकदा. चंदी मागून, मूठमूठ वाढवत. कोणताही नवा चारा सुरू करायचा तर आठ-दहा दिवस घ्यावेत.

आता किती द्यायचे? त्यासाठी घोड्याचे वजन हवे. काटा नसला तरी चालेल, शिंप्याची फीत पुरे. जिथे तंग आवळता तिथे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ११,९०० ने भागा. समजा घेर १५० आणि लांबी १४०. उत्तर सुमारे २६५ किलो येते. गणित येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा. त्यालाही कळेल की गुणाकार कशाला शिकवतात.

शंभर किलो वजनाला दिवसाला दोन ते अडीच किलो कोरडे खाणे लागते. म्हणजे या घोड्याला सव्वापाच ते साडेसहा किलो. त्यात कष्टाच्या दिवशी चंदी दोन किलोपर्यंत, तीन वेळा वाटून. बाकी सारे वाळलेले चांगले गवत. हिरवे गवत असेल तर तिप्पट-चौपट द्यावे लागते, कारण त्यात पाणीच फार. डब्याने मापू नका. एक डबा कोंडा आणि एक डबा हरभरा वजनाला सारखे नसतात. एकदा तराजूने तोलून डब्यावर खूण करून ठेवा.

आपल्याकडे पेंढा आणि कोंडा स्वस्त, म्हणून त्यावरच घोडा ठेवणारे आहेत. पेंढ्यात कस कमी. कोंड्यात चुना फारच थोडा. नुसत्या कोंड्यावर वाढलेल्या घोड्याची हाडे पोकळ होतात, तोंडाची हाडे सुजतात, तो लंगडू लागतो. लसूणघास मिळाला तर थोडा जरूर घालावा, त्यात चुना असतो. हरभरा भरडून, भिजवून द्यावा आणि जवाबरोबर मिसळावा. रोज बचकाभर मीठ नको, दोन-तीन चमचे पुरे. घाम फार आला तर थोडे जास्त. पाणी वीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी आधी पाजावे, चंदी मागून.

घोडा खातो पण अंगी लागत नाही, असे पुष्कळजण सांगतात. अशा वेळी लीद पाहा. तिच्यात अख्खे दाणे दिसले तर दातांना टोके आली असतील. तो नीट चावत नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून दात घासून घ्या, जंतांचे औषध घ्या. नाही तर चंदी वाढवून पैसे लिदीतच जातात.

फार लठ्ठ घोडाही बरा नव्हे. त्याचे खूर दुखावतात, पाऊल टाकवत नाही. फासळ्यांवरून हात फिरवा. डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात. तंग एक भोक आत गेला की बाहेर आला, तेही रोज कळतेच.

पावसाळ्यात माथेरानचे गिऱ्हाईक ओसरते आणि घोडे बांधून राहतात. काम बंद, पण चंदी तीच, असे करू नका. कष्टाळू घोडा सुटीच्या दिवशी पोटभर दाणा खाऊन उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी एकदम कामाला जुंपला, तर त्याचे पुठ्ठे लाकडासारखे आखडतात, लघवी काळपट होते. तसे दिसले तर त्याला चालवू नका, तिथेच उभा ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. सुटीला चंदी निम्म्याहून कमी, गवत मात्र पूर्ण. आणि गवत जमिनीवर रचू नका. खाली फळ्या घाला, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. बुरशीचा वास आलेली पेंढी धुऊन-वाळवूनही घोड्याला घालू नये, ती खतात टाकावी.