सशापासून सुपरनोव्हापर्यंत



ज्या नन्नवाल आदिवासींच्या भूमीवर हे मराठी विज्ञान संमेलन भरते आहे, त्यांना प्रथम आदरपूर्वक नमस्कार. इथल्या सभांचा हा शिरस्ताच आहे. त्यानंतर स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे कॅनबेरात मनःपूर्वक स्वागत.

‘कॅनबेरात संसद सोडली तर आहे काय?’ असे सिडनी-मेलबर्नची मंडळी नेहमी खवचटपणे विचारतात. विज्ञानाचे संमेलन इथेच का भरवले, या प्रश्नाचे उत्तर दिले की त्यांच्या प्रश्नालाही उत्तर मिळते. कॅनबेरातल्या तळ्याच्या या काठाला, अॅक्टनच्या परिसरात, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी आहे. या देशातली बाकीची बहुतेक विद्यापीठे राज्यांच्या कायद्यांतून उभी राहिली. हे मात्र १ ऑगस्ट १९४६ रोजी देशाच्या संसदेने कायदा करून स्थापन केले. महायुद्ध नुकतेच संपले होते. हुशार तरुण संशोधनासाठी इंग्लंडची बोट पकडत आणि बरेचसे तिकडचेच होऊन जात. त्यांना मायदेशी काम मिळावे, हा हेतू. म्हणून सुरुवातीला इथे पदवीचे वर्गच नव्हते. निव्वळ संशोधन होते. पदवीचे विद्यार्थी आले ते १९६० मध्ये, गावातले जुने कॉलेज विद्यापीठात विलीन झाल्यावर. सल्लागारही तोलामोलाचे होते: पेनिसिलिनला औषधाचे रूप देणारे हॉवर्ड फ्लोरी आणि अणुभौतिकशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट.

या विद्यापीठातल्या विज्ञानाचा पसारा मोठा आहे. त्याची मोजदाद करायला हे व्यासपीठ पुरणार नाही. पण त्यातली कितीतरी कामे अगदी इथल्या मातीतल्या प्रश्नांतून निघाली, एवढे दाखवायला चार-पाच उदाहरणे पुरेत.

पहिला मान सशाचा. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची हौस भागवायला व्हिक्टोरियात ससे सोडले आणि पाऊण शतकात त्यांनी कुरणेच्या कुरणे फस्त केली. १९५० मध्ये मिक्सोमा हा विषाणू सशांवर सोडण्यात आला आणि ससे पटापट मरू लागले. त्याच सुमारास मरे नदीच्या खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वर पसरला. हा सशांचाच रोग, असा लोकांचा ग्रह झाला. तेव्हा विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक फेनर, त्यांचे आधीचे ज्येष्ठ सहकारी मॅकफार्लेन बर्नेट आणि शास्त्रज्ञ इयन क्लुनिस रॉस या तिघांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही आणि लोकांची भीती ओसरली.

फेनर यांचे खरे काम पुढचे आहे. सुरुवातीला हा विषाणू शंभरातले नव्व्याण्णव ससे मारत होता. मग दरवर्षी रानातून विषाणूचे नमुने आणून ते प्रयोगशाळेत तपासत गेले. काही वर्षांतच चित्र पालटलेले दिसले. सशाला चटकन मारणारा विषाणू सशाबरोबर स्वतःही संपत होता. सशाला काही दिवस जगू देणारा डासांमार्फत पुढे पसरत होता. दुसरीकडे, तगून राहिलेल्या सशांची पिल्लेही चिवट निघाली. रोग आणि यजमान एकमेकांना कसे घडवतात, याचा उघड्या रानातला इतका नेटका पुरावा त्याआधी क्वचितच कुणाला मिळाला होता. देवीच्या निर्मूलनाची खातरजमा करणाऱ्या जागतिक आयोगाचे अध्यक्षपद पुढे याच फेनर यांच्याकडे आले. १९८० च्या मे महिन्यात जिनिव्हात जागतिक आरोग्य परिषदेला देवी संपल्याचे त्यांनीच सांगितले. सभागृहातल्या ज्येष्ठांच्या दंडावर देवीच्या लसीचे व्रण आजही असतील.

फेनर यांच्याच जॉन कर्टिन वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉन एकल्स यांनी एक मज्जापेशी दुसरीला थोपवते कशी, हे दाखवले आणि १९६३ चे नोबेल मिळवले. तिथेच १९७३ च्या सुमारास पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल हे दोघे तरुण एका प्रयोगशाळेत काम करत होते. उंदरांच्या रोगप्रतिकारक टी-पेशी विषाणूग्रस्त पेशींना मारत, पण त्या ग्रस्त पेशी आपल्याच वाणाच्या उंदराच्या असतील तरच. दुसऱ्या वाणाच्या पेशी तेवढ्याच रोगट असूनही सुखरूप राहत. टी-पेशी केवळ परक्याला ओळखत नाही, घरच्या खुणेसकट परक्याला ओळखते, हा त्याचा अर्थ. १९९६ चे नोबेल या निष्कर्षाला मिळाले.

दुसरे उदाहरण दगडांचे. हा खंड फार जुना, पण किती जुना? बिल कॉम्पस्टन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी खोलीभर पसरणारे एक यंत्र इथेच बांधले. त्याचे नाव श्रिंप. झिर्कॉनचा वाळूच्या कणाएवढा स्फटिक राळेत बसवून, घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर ऑक्सिजनच्या आयनांचा झोत सोडायचा. केसाच्या जाडीहूनही कमी रुंदीचा खड्डा पडतो. तिथून उडालेल्या अणूंत युरेनियम किती आणि त्यापासून झालेले शिसे किती, ते मोजले की वय कळते. १९८३ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या माउंट नॅरियरच्या काही कणांचे वय ४१० ते ४२० कोटी वर्षे निघाले. पृथ्वीचे स्वतःचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे.

सगळेच बेत तडीस गेले असे नाही. ऑलिफंट यांना प्रचंड कणत्वरक उभारायचा होता. तो झालाच नाही. त्याला वीज पुरवण्यासाठी बांधलेले होमोपोलर जनित्र तेवढे कसेबसे पुरे झाले आणि ‘पांढरा हत्ती’ म्हणून त्याची थट्टा झाली. तरी पुढे प्लाझ्माच्या प्रयोगांना तेच उपयोगी पडले.

आकाशाकडे वळायचे तर शहराच्या पश्चिमेला माउंट स्ट्रॉम्लोच्या टेकडीवर विद्यापीठाची वेधशाळा आहे. उत्तर गोलार्धातून न दिसणारे आकाश इथून दिसते, ही तिची मिरासदारी. ब्रायन श्मिट १९९५ मध्ये अमेरिकेहून इथे आले आणि जगभर पांगलेल्या चमूचे नेतृत्व त्यांनी इथून केले. दूरच्या सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हा १९९८ चा निष्कर्ष २०११ च्या नोबेलपर्यंत पोहोचला. पण १८ जानेवारी २००३ रोजी वणवा टेकडीवर चढला. पाच दुर्बिणी आणि कार्यशाळा जळाल्या. हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीसाठी जवळजवळ तयार झालेला वर्णपटमापकही गेला. तो पुन्हा पहिल्यापासून बांधून हवाईला पाठवण्यात आला.

एक उदाहरण मान खाली घालायला लावणारे आहे. विद्यापीठाचे भूरूपशास्त्रज्ञ जिम बोलर यांना १९६८ मध्ये कोरड्या मुंगो सरोवराच्या काठी एका स्त्रीची जळालेली हाडे दिसली. मुंगोची ती स्त्री सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीची ठरली. तिचे दहन हे जगातले सर्वांत जुने ज्ञात दहन. तिचे अवशेष एका पुरातत्त्वज्ञाच्या सुटकेसमधून कॅनबेराला आले. तेव्हा मुंगो परिसरातल्या आदिवासींना कुणी विचारले नव्हते. ती १९९२ मध्ये परत गेली. १९७४ मध्ये सापडलेला मुंगोचा पुरुष परतला तो २०१७ मध्ये, शववाहिकेतून. मान्यवरांनी या परतीचीही नोंद संशोधनाच्या जमाखर्चात घ्यावी.

महाराष्ट्राशी नाते विचाराल तर ते हिंगोलीचे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ज्या लायगो वेधशाळांना गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा सापडल्या, त्यांच्या लेझर-आरशांची घडी बसवणाऱ्या यंत्रणेत या विद्यापीठाचा हात होता. तसलीच चार किलोमीटर लांब भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. पुण्याची आयुका तिच्या कामात पुढे आहे आणि २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत.

मोठे विज्ञान असे घरच्या प्रश्नांतून निघते, म्हणूनच समितीने वक्त्यांना एकच विनंती केली आहे: आपापल्या भागातला प्रश्न घेऊन या. कोयनेचे भूकंप चालतील, लोणारचे विवर चालेल, क्वीन्सलंडच्या उसावरची कीडही चालेल. मराठीत मांडा आणि आकडे जवळ ठेवा.

उद्या दुपारी स्ट्रॉम्लोला जाण्यासाठी बस सुटतील. वर वारा बोचरा असतो. स्वेटर आणि कानटोपी बरोबर असू द्या. जेवणाची व्यवस्था मागच्या दालनात आहे. काही उणे-अधिक झाल्यास स्वागत समितीच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता संमेलनाध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.