व्यायाम, इन्शुलिन आणि रक्तशर्करा



पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेला एखादा तरुण मैदानावर उतरण्यापूर्वी मुद्दाम रक्तशर्करा वाढवून ठेवतो. खेळता खेळता ती एकाएकी उतरेल, हातपाय कापू लागतील, शुद्ध हरपेल, ही त्याची धास्ती. साखरेचा साठा जवळ असलेला बरा, असे त्याला वाटते. धास्ती खरी आहे; तिच्यावरचा हा उपाय कितपत योग्य आहे, हे पाहिले पाहिजे.

निरोगी मनुष्य श्रम करू लागला की स्वादुपिंडातून होणारा इन्शुलिनचा स्राव आपोआप घटतो. त्यामुळे यकृत साखर मोकळी करते, चरबीच्या पेशींतून मेदाम्ले बाहेर पडतात आणि स्नायूंना दोन्ही इंधने मिळतात. मधुमेही तरुणाचे इन्शुलिन मात्र बाहेरून टोचलेले असते. एकदा त्वचेखाली गेलेले इन्शुलिन मागे घेता येत नाही. ते यकृताचा हात आखडून धरते आणि इकडे स्नायू साखर ओढून घेतच राहतात. व्यायामाने इन्शुलिनचा प्रभाव वाढतो, हे स्वतः मधुमेही असलेले लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ सालीच दाखवून दिले होते.

मग शर्करेच्या पातळीचा स्वतंत्र परिणाम कोणता? स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इन्शुलिनचे प्रमाण सारखे राखून त्याच रुग्णांना दोनदा सायकल चालवावयास लावली. एकदा रक्तशर्करा दर १०० मिलिलिटरला सुमारे ९० मिलिग्रॅम होती, तर दुसऱ्यांदा सुमारे २००. पातळी चढी असताना शरीराने शर्करायुक्त इंधन अधिक जाळले. ती स्वाभाविक असताना चरबीचे ज्वलन प्रमुख ठरले. परंतु चढ्या शर्करेमुळे स्नायूंतील ग्लायकोजेन काही वाचले नाही. म्हणजे रक्तात साखर साठवून स्नायूंची शिदोरी राखता येत नाही.

शिवाय इन्शुलिन अपुरे पडल्यामुळे शर्करा चढली असेल, तर व्यायामाने ती आणखी चढते आणि रक्तात कीटोन द्रव्ये साचतात. म्हणून पातळी २७० च्या वर असल्यास प्रथम कीटोनची तपासणी करावी. ती वाढलेली असल्यास व्यायाम पुढे ढकलावा. धावणे, सायकल चालविणे यांसारख्या दीर्घ व्यायामापूर्वी साधारणपणे १२६ ते १८० ही पातळी योग्य होय, असे तज्ज्ञांनी २०१७ साली एकमताने सुचविले आहे.

तात्पर्य, मापनयंत्रावरील आकड्याइतकेच त्यामागे शरीरात किती इन्शुलिन कार्य करीत आहे, हेही महत्त्वाचे आहे. वैद्यांच्या सल्ल्याने आधीची मात्रा कमी करावी, खिशात साखर ठेवावी आणि निर्धास्तपणे मैदान गाठावे.